न झिजलेले जोडे

आमच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव तीन वर्षांपूर्वी साजरा झाला. त्या दिवशी लोकांनी प्रेमाने जे दिले ते बहुतेक मार्गी लागले. शाली आजारी वृद्धांकडे गेल्या, पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनालयात गेली, मिठाईने तर दुसऱ्या दिवसाची सकाळही पाहिली नाही. एक भेट तेवढी कपाटात राहिली, आणि तिच्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या पहिल्या नेमणुकीच्या धर्मग्रामातील एक कुटुंब पुढे इंग्लंडला जाऊन स्थायिक झाले. त्या घरच्या मुलाला पहिला ख्रिस्तप्रसाद आम्हीच दिला होता. आता तो तिशी ओलांडलेला, चांगल्या नोकरीवरचा गृहस्थ आहे. महोत्सवाच्या तीन महिने आधी त्याने आम्हांला कळविले, "फादर, एका कोऱ्या कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीने कड काढा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा." मोजे येणार असे आम्ही समजलो. आले ते जोडे. गडद तपकिरी रंगाचे, नाडीचे, तळसुद्धा अस्सल कातड्याचा. सोबत जोड्यांत घालून ठेवावयाचे सुगंधी सीडर लाकडाचे दोन ठोकळे, सुती पिशव्या, आणि त्या वर्षी बाजारात आलेल्या नव्या जोड्यांची माहिती देणारी एक गुळगुळीत पुस्तिका. भेटीवरील किमतीची चिठ्ठी त्याने काढून टाकली होती. पुस्तिकेतील किमती काढावयास तो विसरला. पाचशे पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या पन्नास हजार रुपयांच्या पुढे.

आम्ही ते जोडे एकदा पायांत घातले, दार लावून खोलीतल्या खोलीत चार येरझाऱ्या घातल्या आणि काढून ठेवले. साधेपणावर प्रवचने देणाऱ्या माणसाने पन्नास हजारांच्या जोड्यांत लोकांपुढे उभे कसे राहावयाचे? परत करावेत तर मुलाचे मन मोडावयाचे. विकावेत तर भेट विकल्याचा ठपका. तेव्हा ठेवून द्यावेत, हा मार्ग आम्ही पत्करला. तो निष्पाप आहे अशी आमची बराच काळ समजूत होती.

या जोड्यांत एवढे काय असते, हे कळावयास आम्हांला नॉर्थहॅम्प्टनला जावे लागले. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इंग्लंडमधील एका धर्मग्रामाचे फादर सुटीवर गेले असता त्यांच्या जागी आम्ही पाच आठवडे सेवा केली. त्या मुक्कामात हा मुलगा एके दिवशी गाडी घेऊन आला आणि आम्हांला त्या गावी घेऊन गेला. नॉर्थहॅम्प्टन हे इंग्लंडमधील चर्मकारांचे गाव. १६४२ साली, यादवी युद्धाच्या काळात, तेथील कारागिरांनी सैन्यासाठी हजारो जोडे शिवून दिले होते. ट्रिकर्स १८२९, चर्चेस १८७३, क्रॉकेट अँड जोन्स १८७९ अशी जुनी घराणी आजही तेथे काम करतात. (चर्च या नावाचे जोडे आहेत हे ऐकून आम्हांला हसू आले, पण ते त्या कुटुंबाचे आडनाव आहे.) एके काळी तेथे शेकडो लहानमोठे कारखाने होते. आता मोजके उरले आहेत.

तेथील एका कारखान्यात आम्ही जोडा जन्माला येताना पाहिला. वरच्या कातड्याचे तुकडे कापून, शिवून त्यांचे एक अंग तयार करतात. ते पायाच्या आकाराच्या फर्म्यावर ओढून ताणून बसवितात. मग त्याच्या खालच्या कडेला भोवताली कातड्याची एक अरुंद पट्टी शिवतात. हिचे नाव वेल्ट. ही शिवण एकाच वेळी पट्टी, वरचे कातडे आणि आतला तळ या तिघांना बांधते. मध्ये जी पोकळी राहते तिच्यात बुचाच्या झाडाचा भुगा भरतात. घालणाऱ्याच्या पायाचा ठसा काही महिन्यांत त्यावर उमटतो. सर्वांत शेवटी बाहेरचा तळ येतो, आणि तो फक्त त्या पट्टीला शिवलेला असतो. सगळी मेख येथे आहे. तळ झिजला की बाहेरची शिवण उसवावयाची, जुना तळ काढावयाचा, त्याच पट्टीला नवा शिवावयाचा. वरच्या अंगाला सुई लागत नाही. पुष्कळ वर्षांनी पट्टी जीर्ण झाली तर तीही बदलता येते. चिकटवलेल्या जोड्याचा तळ सुटला की तो बहुधा उकिरड्यावर जातो. वेल्टचा जोडा, तो एक दिवस झिजणार आणि कोणीतरी तो दुरुस्त करणार, हे गृहीत धरूनच शिवलेला असतो. एका जोड्यामागे दोनशेच्या आसपास कामे आणि सुमारे आठ आठवडे लागतात.

हे काम पूर्वी केवळ हातांनी होई. यंत्रे आली ती अमेरिकेत. १८५८ मध्ये लायमन ब्लेक याने तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८७० नंतरच्या दशकात धाकट्या चार्ल्स गुडइयरने वेल्ट शिवण्याचे यंत्र पुढे आणले; टायरमुळे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे त्या रबरवाल्या गुडइयरचा हा मुलगा. कातडे फर्म्यावर ओढून बसविण्याचे काम मात्र यंत्राला जमेना. कुशल कारागीर दिवसाला पन्नास जोड बसवी. ते कोडे सोडविले सुरिनाममधून आलेल्या, कृष्णवर्णी यान मॅट्झेलिगर या तरुणाने, मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी, १८८३ साली. त्याच्या यंत्रावर दिवसाला दीडशे ते सातशे जोड होऊ लागले. सहा वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. वर्णामुळे लिनमधील अनेक चर्चांनी त्याला दूर ठेवले, त्यांत आपलेही होते, असे त्याचे चरित्रकार लिहितात. एका काँग्रिगेशनल चर्चने त्याला सामावून घेतले, आणि मृत्युपत्रात त्याने आपल्या कंपनीतील काही हिस्सा त्या चर्चला ठेवला. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

त्याच परिसराशी आपल्या मराठीचा एक ऋणानुबंध आहे, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नॉर्थहॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यात १७६१ साली विल्यम केरी जन्मले. पिडिंग्टन येथे ते जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून राहिले. पुढे मोल्टन येथे मुलांना शिकवीत आणि जोडे शिवीत, आणि भिंतीवर जगाचा नकाशा टांगून त्याकडे पाहत. १७९३ मध्ये ते बंगालात आले. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी शब्दकोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. फादर स्टीफन्स यांच्यानंतर मराठीची सेवा करणारा हा आणखी एक इंग्रज. ते बॅप्टिस्ट पंथाचे, आपल्या पंथाचे नव्हेत. पण भाषेचे ऋण पंथ विचारून फेडावयाचे नसते. त्यांच्याविषयी एक आठवण चरित्रांतून येते. गव्हर्नर जनरलच्या घरच्या मेजवानीत कोणा अधिकाऱ्याने मुद्दाम ऐकू जाईल अशा बेताने विचारले की, केरी हे पूर्वी जोडे शिवणारे होते ना? केरींनी उत्तर दिले की नाही, ते केवळ जुने जोडे दुरुस्त करणारे होते. खाली ओढू पाहणाऱ्याला त्यांनी स्वतःहून आणखी एक पायरी खाली उतरून दाखविली. आम्हांला मात्र त्या उत्तरात विनयाखेरीज आणखीही काही दिसते. दुरुस्ती करणारा नसता तर तो वेल्ट शिवण्याला काय अर्थ उरला असता?

संध्याकाळी मुलाने आम्हांला घरी नेले. जेवण झाल्यावर त्याने एका लहानशा खोलीचे दार उघडले. भिंतीला लागून फळ्या होत्या आणि त्यांवर ओळीने जोडे. प्रत्येकात सीडरचे ठोकळे, प्रत्येकाला ब्रश फिरविलेला. आम्ही मोजले, बावीस जोड निघाले. तो एखाद्या ग्रंथपालाच्या आस्थेने एकेकाविषयी सांगू लागला. दर वसंतात आणि दर शरदात ही घराणी नवे जोड काढतात. कधी फर्मा नवा, कधी टोकाची ठेवण, कधी पूर्वी न आलेला हिरवट तपकिरी रंग. कधी शिकागोच्या हॉर्विन कारखान्याचे शेल कॉर्डोवन, म्हणजे घोड्याच्या मागच्या अंगाचे, किमान सहा महिने कमावलेले कातडे. काही जोड मोजक्याच संख्येने निघतात आणि त्यांसाठी महिनोन्महिने आधी नाव नोंदवावे लागते. यातले किती नियमित वापरतोस, असे आम्ही विचारले. "चार-पाच, फादर," तो म्हणाला, आणि जरा ओशाळला.

आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. नीट निगा राखली आणि वेळोवेळी तळ बदलला तर असा एक जोड पंधरा वर्षे सहज जातो, असे त्यानेच दिवसभर आम्हांला पटवून दिले होते. बावीस जोडांची तीनशे तीस वर्षे झाली. एवढे आयुष्य जुन्या करारातील कुलपतींना लाभले होते.

त्या फळीवर एक जोड वेगळ्या पेटीत होता. जॉन लॉब या घराण्याचा. १९७६ पासून त्याची मालकी पॅरिसच्या एर्मेस या श्रीमंती वस्तूंच्या पेढीकडे आहे. या घराण्याने बरीच वर्षे २५ ऑक्टोबरच्या निमित्ताने, दर साली एक, असे मर्यादित संख्येचे खास जोड काढले. हा त्यांतलाच एक होता. २५ ऑक्टोबर हा चर्मकारांचे आश्रयदाते संत क्रिस्पिन आणि संत क्रिस्पिनियन यांचा दिवस. परंपरा अशी की, हे दोघे भाऊ रोमहून गॉल देशातील स्वासाँ येथे आले, दिवसा शुभवार्ता सांगत आणि रात्री जोडे शिवून पोट भरीत. गरिबांकडून ते मोल घेत नसत म्हणतात. इ. स. २८६ च्या सुमारास त्यांना हौतात्म्य आले. त्यांच्या नावाचा तो जोड हातात घेऊन आम्ही पाहिला. काम अप्रतिम होते. तळ कोरा होता. "हा घालवत नाही, फादर," मुलगा म्हणाला. आम्ही काय बोलणार? आमच्या कपाटातही एक कोऱ्या तळाचा जोड होता, आणि तो त्यानेच दिला होता.

परत आल्यावर आम्ही सेमिनरीतील जुन्या वह्या आणि पुस्तके काढली. ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागात जोड्याचे उदाहरण घेतले आहे. जोड्याचे उपयोग दोन. एक पायांत घालणे, दुसरा देऊन त्याच्या बदल्यात काही घेणे. आणि दुसरा उपयोग जोड्याचा खरा उपयोग नव्हे, कारण जोडा त्यासाठी निर्माण झालेला नाही. सेमिनरीत हे वाक्य आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. बावीस जोडांच्या खोलीत तिसरा एक उपयोग दिसतो, जो त्या तत्त्ववेत्त्याने मोजला नव्हता. तो म्हणजे असणे. घालावयाचा नाही, विकावयाचाही नाही. आपल्याकडे आहे, एवढेच.

हा तिसरा उपयोग आजचा आहे असेही नाही. संत जॉन क्रिसोस्तोम अंतियोखियात धर्मगुरू असताना त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमानावर प्रवचने दिली. त्यांतील एकोणपन्नासाव्या प्रवचनात ते अचानक तरुणांच्या जोड्यांवर घसरतात. जोड्यांवर रेशमाचे धागे शिवून घेण्याची तेव्हा टूम होती. त्या धाग्यासाठी गलबते बांधली जातात, खलाशी घरदार सोडून समुद्र ओलांडतात, आणि हे तरुण हिवाळ्यात चिखलाच्या आणि उन्हाळ्यात धुळीच्या भीतीने चवड्यांवर बाजार ओलांडतात. जोड्यांची एवढी काळजी असेल तर ते गळ्यात बांधा किंवा डोक्यावर ठेवा, असा त्यांचा सल्ला. श्रोते हसले असावेत, कारण हसता काय, मला तर रडू येते आहे, अशा आशयाचे पुढेच येते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे बोल वाचताना आम्हांला आमच्या बंद दारातल्या चार येरझाऱ्या आठवल्या.

त्याच शतकातील संत बाझील यांचा मुद्दा अधिक खोल आहे, आणि येथे आम्ही अडखळलो. कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर बोलताना ते घरातल्या एकेका वस्तूचा खरा मालक कोण ते सांगतात. पेटीतले वस्त्र उघड्याचे. घरात पडून कुजणारा जोडा अनवाणी फिरणाऱ्याचा. कुजणे हा शब्द त्यांनी सहज वापरला नसावा. वस्तू कुजू लागते तेव्हा ती स्वतःच आपल्या मालकाविरुद्ध साक्ष देते: मला कोणी वापरले नाही. पण सीडरचा ठोकळा घातलेला, मेण चोळलेला, सुती पिशवीत ठेवलेला जोडा कुजत नाही. तो दहा वर्षांनीही कालच आणल्यासारखा दिसतो. साक्षीदाराचे तोंड बंद झाले म्हणजे गुन्हा राहिला नाही काय? टिकाऊ वस्तूचा मोह वाईट वस्तूच्या मोहाहून अवघड आहे तो यामुळेच. वाईट वस्तू मोडते आणि आपली चूक आपल्याला दाखविते. चांगली वस्तू गप्प राहते, आणि मालकाला वाटते की आपण उधळपट्टी केलेली नाही, उलट शहाणपणा केला आहे. तो मुलगाही आम्हांला हेच सांगत होता, आणि प्रत्येक जोडाबद्दल सुटेसुटे पाहिले तर ते खरे होते. बावीसदा केलेला शहाणपणा एकत्र केला की त्याचे काय होते, हे पुस्तिकेत कोणी छापत नाही.

त्याची बाजूही मांडली पाहिजे. "फादर, आमच्यासारखे वेडे नसते तर हे कारखाने केव्हाच बंद पडले असते," असे तो म्हणाला. यात तथ्य आहे. कातडे शिवणाऱ्या यंत्रावर एक प्रौढ बाई बसल्या होत्या. त्यांच्या बोटांची गती आम्ही पाहिली आहे. ती कला ग्राहकाच्या हौसेवर जगते आणि त्या बाईंचे घर त्या कलेवर. हौस नाहीशी व्हावी असा उपदेश करणे सोपे आहे, त्या बाईंना तो समजावून सांगणे सोपे नाही. दर हंगामाला नवा जोड काढणाऱ्या मालकालाही आम्ही सरसकट दोष देणार नाही. पंधरा वर्षे टिकणारा माल विकणाऱ्याने मधली चौदा वर्षे काय खावयाचे?

दुसरी एक गोष्ट त्यानेच दाखविली. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या १९९३ सालच्या 'मेन ॲट आर्म्स' या विनोदी कादंबरीत व्हाइम्स नावाचा पोलीस कॅप्टन बुटांवरून दारिद्र्याचे गणित मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरचे, दहा वर्षे टिकणारे. हलके बूट दहा डॉलरचे, एका-दोन हंगामांत फाटणारे. ज्याच्याकडे पन्नास नाहीत तो दहा वर्षांत शंभर खर्च करतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांत जून महिन्यात शाळेच्या बुटांचे हेच गणित चालते. तेव्हा टिकाऊ वस्तू घेणे हा साधेपणाच होय, हे मान्य. अडचण एवढीच की, हे गणित ज्याच्याकडे एक जोड आहे त्याचे आहे. ज्याच्याकडे बावीस आहेत त्याने ते आपल्या समर्थनासाठी वापरू नये.

महागडे म्हणून सर्वच त्याज्य ठरवावे काय? बेथानीच्या घरी तीनशे दिनारांचे सुगंधी तेल प्रभूवर ओतले गेले तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा होता. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. पण तिने कुपी फोडली होती, तेल ओतले होते, थेंबही मागे ठेवला नव्हता. तीच कुपी तिने फळीवर मांडून ठेवली असती तर तिची आठवण कोणी का काढली असती?

२०२५ च्या जून महिन्यात मिलान येथे प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरी चपलांसारख्या वहाणा आपल्या नव्या मालात मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, म्हणून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. पुढे त्या पेढीने मूळ मान्य केले. नॉर्थहॅम्प्टनचे चर्चेस हे घराणे १९९९ मध्ये घेतले ते याच प्राडाने. आपला राग योग्यच होता. फक्त त्या दिवसांत एक विचार आमच्या मनाला चाटून गेला. नॉर्थहॅम्प्टनचा फुटबॉल संघ स्वतःला अभिमानाने कॉब्लर्स, म्हणजे जोडे सांधणारे, म्हणवतो. आपल्याकडे त्याच अर्थाचा शब्द शिवी म्हणून वापरला गेला, आणि जोडा शिवणाऱ्याचे घर गावकुसाबाहेर राहिले. ख्रिस्ती झालो म्हणून आपण त्यातून सुटलो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वेगळ्या बाकांचा आणि वेगळ्या दफनभूमींचा इतिहास भारतातील ख्रिस्तसभेलाही आहे. मिलानने कारागिराचे नाव घेतले नाही हे आपल्याला टोचले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या कारागिराचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्हांला नव्हते.

या पावसाळ्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही काही कागद शोधण्यासाठी कपाट उघडले. इंग्लंडच्या कोरड्या खोलीत सीडरचा ठोकळा जे करू शकतो ते आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत त्याला जमले नाही. दोन्ही जोड्यांवर पांढरी बुरशी आली होती, शिवणीच्या पट्टीवर सर्वांत दाट. संत बाझील आमच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचले होते. कोरड्या फडक्याने पुसले, दोन दिवस वाऱ्यावर ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जाताना ते पायांत घातले. कोणाचेही लक्ष गेले नाही. साठ पावलांवर एका घराच्या ओल्या लादीवरून आम्ही घसरलो आणि दाराची चौकट धरून वाचलो. कातडी तळ आपल्या पावसाळ्यासाठी नाही. घरच्या आजींनी खाटेवरून विचारले, "नवे आहेत का, फादर?" आम्ही होय म्हणालो. ते तीन वर्षांचे आहेत हे सांगितले नाही.

स्टेशनबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या काकांकडे ते नेले, तळाला पातळ रबर लावून घेण्यासाठी. त्यांनी जोडा हातात घेतला, उलटा केला, पट्टीच्या कडेने अंगठा फिरविला. मग आत बोटे घालून चाचपले. बराच वेळ काही बोलले नाहीत. "हा उसवता येतो, फादर," शेवटी म्हणाले. "ही शिवण सोडली की तळ वेगळा. पट्टी सांभाळली तर कितीदाही. माझा बाप असं करायचा, हातानं, आरीनं." आम्ही विचारले, तुम्ही करू शकाल काय? "झिजू तर द्या आधी," ते म्हणाले. रबराचे अडीचशे सांगितले. आमच्या तोंडून, का कोण जाणे, सवयीने शब्द गेला, "दोनशे घ्या, काका." त्यांनी जोड्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि मान डोलावली. शनिवारी या म्हणाले.

आज शनिवार आहे. सायंकाळची मिस्सा आटोपली की जोडे आणावयास जावयाचे आहे. पाकिटात अडीचशे वेगळे काढून ठेवले आहेत, आणि त्यांचे नाव विचारावयाचे आहे.